टॉन्सिलमधील खडे
टॉन्सिलमधील खडे म्हणजे टॉन्सिलच्या पृष्ठभागावरील खाचांमध्ये तयार होणारे पांढरे किंवा पिवळसर कण होत. वैद्यकशास्त्रात त्यांना टॉन्सिलोलिथ म्हणतात. खाचांत साचलेले अन्नकण, मृत पेशी व जिवाणू यांवर कॅल्शियमचे क्षार बसून खडा बनतो.

लक्षणे
अनेकांना कोणताही त्रास होत नाही. ऑक्सिजनविना वाढणाऱ्या जिवाणूंपासून निर्माण होणाऱ्या गंधकयुक्त वायूंमुळे मुखदुर्गंधी येणे, हे प्रमुख लक्षण आहे. टॉन्सिल व मध्यकर्ण एकाच तंत्रिकेशी जोडलेले असल्याने काही वेळा कानही दुखतो.

प्रतिबंध
जेवणानंतर चूळ भरणे, दात व जीभ स्वच्छ ठेवणे, पुरेसे पाणी पिणे आणि तंबाखू टाळणे उपयुक्त ठरते.

उपचार
लहान खडे बहुधा आपोआप पडतात. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी त्यास मदत होते. टोकदार वस्तूने खडा काढल्यास रक्तस्राव होऊ शकतो. मोठे खडे कान-नाक-घसा तज्ज्ञ काढतात. त्रास वारंवार उद्भवल्यास लेसरने खाचा उथळ करतात किंवा शस्त्रक्रियेने टॉन्सिल काढतात. एकाच बाजूचे टॉन्सिल वाढणे, रक्त येणे किंवा गिळताना सतत दुखणे ही कर्करोगाचीही लक्षणे असू शकतात. अशा वेळी केवळ घरगुती उपायांवर विसंबून न राहता तपासणी करून घेणे आवश्यक असते.