मगनवाडीची वाटचाल : सोनखतापासून भुयारी गटारापर्यंत

डिसेंबर 1934 मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनलाल गांधींच्या नावाने, मगनवाडी वसली. जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन ही संघाची कामे सर्वांना ठाऊक आहेत. मैल्याची व्यवस्था हेही ग्रामोद्योगाचेच अंग आहे, ही संघाची भूमिका मात्र त्यामानाने विस्मरणात गेली.

1935 मध्ये महादेवभाई देसाई, मीराबेन आणि सहकारी बादल्या घेऊन शेजारच्या सिंदी गावातील मैला उचलू लागले. गावाचा प्रतिसाद थंड होता. तरी काम चालू राहिले. उथळ चरात मैला टाकून त्यावर माती पसरायची, ही पद्धत. जमिनीच्या वरच्या फूटभर थरातील जिवाणू त्याचे सोनखत करतात. खोल पुरलेला मैला कुजत पडतो आणि विहिरीचे पाणी बिघडवतो. 1936 मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले; ही पद्धत तेथेही गेली. 30 डिसेंबर 1938 रोजी मगन संग्रहालयाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबा भावे 1938 पासून राहत होते. 1946 च्या सुमारास ते खांद्यावर फावडे घेऊन रोज जवळच्या सुरगावला सफाईसाठी जाऊ लागले. एकदा वाटेतील ओढ्याला पूर आला. पलीकडच्या माणसाला हाक मारून त्यांनी निरोप दिला, की गावचा सफाईवाला येऊन गेल्याचे मंदिरातील देवाला कळवावे. गांधीजींच्या हत्येनंतर विनोबा निर्वासितांच्या कामासाठी निघाले आणि हा नेम खंडित झाला. व्यक्तीच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम व्यक्तीबरोबर थांबते, हे मान्य केले पाहिजे.

पुढचा टप्पा यंत्राचा होता. 1970 च्या दशकात डॉ. देवेंद्रकुमार यांच्या पुढाकाराने ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र उभे राहिले. त्याचे काम वर्ध्याजवळच्या दत्तपूरला विस्तारले. संडासाला जोडलेला गोबरगॅस हा त्याचा महत्त्वाचा विषय. मैला थेट बंद टाकीत जातो, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यापासून गॅस करतात आणि उरलेली स्लरी शेतात जाते. अडचणी दोन होत्या. एका माणसाच्या मैल्यापासून दिवसाला जेमतेम 1 घनफूट गॅस मिळतो, आणि त्या गॅसवर भाकरी भाजायला मन धजत नाही. जोडीला शेण घातल्याने पहिली अडचण सुटली. दुसरी सवयीवर सोपवावी लागली.

या साऱ्या प्रयत्नांतून एक गोष्ट मात्र सुटली होती. खड्डा मैला सामावतो; न्हाणीघराचे, मोरीचे, साबणाचे पाणी सामावत नाही. वर्धा वाढले तसे हे पाणी नाल्यांतून नदीकडे वाहत गेले. शहराला पिण्याचे पाणी पुरवते ती धाम पुढे वणा नदीला मिळते आणि वणा वर्धा नदीला. वरच्या गावाने सोडलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्याला येणारच. जून 2015 मध्ये सुरू झालेल्या अमृत योजनेत वर्धा व वणेकाठचे हिंगणघाट या दोन्ही शहरांचा समावेश झाला आणि वर्ध्यात भुयारी गटाराचे काम हाती घेण्यात आले. रस्ते खोदले गेले, नागरिकांनी धूळ आणि चिखल सोसला. घराघराची जोडणी झाल्याखेरीज असा प्रकल्प नदीला उपयोगी पडत नाही, म्हणून खरे काम वाहिन्या टाकून झाल्यावर सुरू होते. आणि शुद्धीकरणातून पाण्याबरोबर गाळही निघतो; त्याचे खत करण्याची विद्या या गावात 1935 पासून आहे.