ब्रेल डिस्प्लेवरून कंट्रोल, अल्ट कसे दाबायचे? सोप्या भाषेत

आमच्या काठीत राजवाडी होळीला रात्रभर ढोल वाजतात. अशा वेळी माझा एक दृष्टिहीन मित्र फोन कानाला लावून बसायचा आणि तरी टॉकबॅकचा आवाज त्याला ऐकू येत नसे. आता तो ब्रेल डिस्प्ले मांडीवर घेतो आणि बोटांनी वाचतो. पण लॅपटॉपला डिस्प्ले जोडल्यावर त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "अरे, यात कंट्रोल कुठंय?" त्याचंच हे उत्तर.

आधी थोडं डिस्प्लेबद्दल

ब्रेल डिस्प्लेवर एका ओळीत 20, 40 असे सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये 8 टिंबं वर-खाली होतात. लिहायला पर्किन्स पद्धतीच्या 8 कळा आणि स्पेस असते. 1 ते 6 टिंबांनी अक्षर बनतं. एनव्हीडीएमध्ये लिहिताना बहुतेक वेळा 7 म्हणजे बॅकस्पेस आणि 8 म्हणजे एंटर. कंट्रोल, अल्ट, शिफ्टसाठी वेगळी कळ नसते, म्हणून स्क्रीन रीडर टिंबांच्या जोड्या वापरतात.

एनव्हीडीए हा विंडोजसाठीचा मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन यांनी 2006 मध्ये तो सुरू केला, ते स्वतः दृष्टिहीन आहेत.

फोकस डिस्प्लेवरच्या जोड्या

खालच्या प्रत्येक जोडीसोबत स्पेसही दाबायची, सगळ्या कळा एकत्र:

- कंट्रोल: 3 आणि 8
- अल्ट: 6 आणि 8
- विंडोज: 4 आणि 8
- शिफ्ट: 7 आणि 8
- एनव्हीडीए कळ: 5 आणि 8

दुसऱ्या कंपनीचा डिस्प्ले असेल तर जोड्या वेगळ्या असू शकतात. एनव्हीडीएच्या मदत पुस्तिकेत प्रत्येक मॉडेलचा तक्ता आहे.

वापरायचं कसं?

साध्या कीबोर्डवर कंट्रोल दाबून ठेवतो, इथे तसं नाही. कंट्रोल आधी 'लावायचा', मग अक्षर द्यायचं. फाइल सेव्ह करायची तर:

1. स्पेस, 3 आणि 8 एकत्र दाबा. कंट्रोल लागला.
2. 'एस' म्हणजे 2, 3, 4 दाबा. कंट्रोल-एस गेलं आणि कंट्रोल आपोआप सुटला.

कंट्रोल-शिफ्ट हवं असेल तर दोन्ही एकामागून एक लावा. चुकून लागला असेल तर तीच जोडी पुन्हा दाबा, सुटतो.

इथे घोळ होतो

मित्राचा ऑनलाइन फॉर्म अर्धा भरून झाला होता. कंट्रोल लावल्याचं तो विसरला आणि 'डब्ल्यू'ने सुरू होणारा शब्द लिहायला घेतला. कंट्रोल-डब्ल्यूने टॅब बंद झाला आणि सगळं पुन्हा भरावं लागलं. म्हणून लिहिण्याआधी शंका आली, तर आधी खात्री करा.

दुसरी गोष्ट इनपुट तक्त्याची. भारती ब्रेलमध्ये 2, 3, 4 म्हणजे 'स'. मराठी तक्ता चालू असेल तर 'एस'ऐवजी 'स' जाऊ शकतो आणि आज्ञा चालत नाही. आज्ञा देताना एनव्हीडीएच्या ब्रेल सेटिंगमध्ये इनपुट तक्ता इंग्रजी ठेवा. मराठी लिहायचं असेल तेव्हा परत बदला.

सराव आणि स्वतःच्या जोड्या

एनव्हीडीए कळ आणि 1 दाबा, इनपुट मदत सुरू होते. मग डिस्प्लेवरची कुठलीही जोडी दाबा, ती काय करते ते सांगितलं जातं, पण प्रत्यक्षात काही होत नाही. बंद करायला तीच आज्ञा पुन्हा.

एखादी आज्ञा रोज लागते? एनव्हीडीएच्या मेनूतून प्राधान्यांमध्ये जा, 'इनपुट जेश्चर्स' उघडा. तिथे नक्कल केलेल्या कीबोर्ड कळांच्या गटात तुमची आज्ञा जोडा आणि तिला डिस्प्लेवरची मोकळी जोडी द्या.

फोनवर?

आयफोनच्या व्हॉइसओव्हरमध्ये स्पेससोबत 4 म्हणजे पुढचा घटक, 1 म्हणजे मागचा, 1-2-5 म्हणजे होम आणि 3-6 म्हणजे निवड. अँड्रॉइडवर ब्रेल डिस्प्लेची सोय टॉकबॅक 13 पासून टॉकबॅकमध्येच आली. त्याआधी ब्रेलबॅक हे वेगळं अ‍ॅप लागायचं.

सुरुवातीला फक्त कंट्रोल आणि अल्ट शिका. बोटांना दोन-चार दिवसांत सवय होते. माझ्या मित्राने त्याच फॉर्मवर सराव केला, आणि दुसऱ्यांदा तो पूर्ण भरून पाठवला.