कर्जदार ब्रिटन, धनको भारत

सरकारी कर्जाची पुनर्रचना म्हणजे सभ्य भाषेत बुडवणंच ना, असा प्रश्न नेहमी येतो. त्यावर ग्रीस, अर्जेंटिना अशी नावं आपण घेतो. आम्हाला मात्र आधी आपलंच उदाहरण घ्यावंसं वाटतं. त्यात ऋणको होतं ब्रिटन, आणि धनको आपण.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने इथून कापड, लष्करी सामान, रसद उचलली. किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा व्हायची आणि त्या कागदाच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे नोटा काढायची. चलन पाच पटींहून वाढलं, बाजारातला माल काही वाढला नाही. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक, पण ही महागाई त्यातलंच एक. म्हणजे बघा, खरं कर्ज दिलं ते अर्धपोटी राहिलेल्यांनी, आणि आपण कर्ज देतोय हे त्यांना ठाऊकही नव्हतं!

1944 साली ब्रेटन वुड्सला आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ गेले. या शिलकीचा काही भाग तरी डॉलरमध्ये बदलून मिळावा, ही त्यांची मागणी. केन्स म्हणाले, हा ब्रिटन आणि संबंधित देशांमधला मामला आहे. चर्चिलना तर रक्कमच कमी करून हवी होती.

ऑगस्ट 1947 मध्ये येणं होतं सुमारे 116 कोटी पौंड. तिजोरी खडखडीत असलेल्या ब्रिटनने त्यातले फक्त साडेसहा कोटी मोकळे केले. जुलै 1948 च्या करारात इथे उरलेल्या लष्करी सामानाचे 10 कोटी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठी जवळजवळ 17 कोटी वळते झाले. बाकीचं हप्त्यांनी. सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, आणि उरलेल्या रकमेची डॉलरमधली किंमत सुमारे 30 टक्क्यांनी घसरली.

कागदावर मुद्दल कापलं गेलं नाही, हे आपल्या माणसांचं यश. पण वेळ मिळाला तो ऋणकोला, आणि त्याचं अर्थकारण सावरलं. आमच्या मते ही पुनर्रचनाच, फक्त तिला तसं कोणी म्हटलं नाही. दुबळा ऋणको असता तर अटी अशा मिळाल्या असत्या?

जुलै 1991 मध्ये आपण ऋणको होतो. इथून जवळच्याच सहार विमानतळावरून रिझर्व्ह बँकेचं सुमारे 47 टन सोनं लंडनला गेलं, 40 कोटी डॉलरच्या कर्जासाठी तारण म्हणून. तेव्हा आपल्याला मुदतवाढ मिळाली नाही, आणि आपण ती मागितलीही नाही.