हाली, कलदार आणि मनमाडची गाडी

माझ्या आजीचं माहेर येवल्याचं, सासर औरंगाबादचं. आज ही दोन शेजारच्या जिल्ह्यांतली गावं. तिचं लग्न झालं तेव्हा मात्र येवला इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे माहेरपणाहून परतणं म्हणजे एका राज्यातून दुसऱ्यात येणं. आजी म्हणायची, "मोगलाईत आले."

मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वेची लाईन 1899 ते 1901 या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली. आजी येवल्याहून बैलगाडीने नगरसूलला यायची आणि तिथे गाडी पकडायची. नगरसूल इंग्रजांकडचं, पुढे वैजापूरसाठी उतरायचं रोटेगाव निजामाकडचं. मधे कुठेतरी शेताच्या बांधासारखी सरहद्द ओलांडली जायची, डब्यातल्या माणसाला पत्ताही लागत नसे. पत्ता लागायचा तो करोडगिरीचा माणूस समोर उभा राहिला की.

करोडगिरी म्हणजे संस्थानाचं जकात खातं. 1802 मध्ये निजाम आणि कंपनी सरकार यांच्यात व्यापाराचा करार झाला, त्यात आयात मालावर शेकडा 5 असा दर ठरला होता. तपासणी नेमकी कुठे व्हायची, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. आजी रोटेगाव सांगायची. आजोबा म्हणायचे, औरंगाबादच्या फाटकावर. दोघं बहुधा आपापल्या अनुभवाचंच बोलत असावेत. आजीजवळ ट्रंक आणि बोचकं, आजोबांच्या मागे गुलमंडीवरच्या दुकानाची पोती.

येवल्याच्या लेकीला माहेरून लुगडं मिळणारच. पणजी ते बांधून द्यायची नाही. निघायच्या दिवशीच घडी मोडायची आणि मुलीला नेसवूनच गाडीत बसवायची. कोरं कापड म्हणजे माल. अंगावरचं म्हणजे वापरातलं. एकदा ट्रंक चाळून झाल्यावर तपासणाऱ्याने काठाकडे पाहून विचारलं, "नया है?" आजी म्हणाली, "नेसलंय की!" तो हसला आणि पुढच्या बाईकडे वळला. ही गोष्ट सांगताना आजीलाही हसू यायचं. पण ट्रंक उघडी पडली की पोटात गोळा यायचा, हेही ती सांगायची. कायदा कागदावर शेकडा 5 असला, तरी गाडीतल्या माणसाला तो समोरच्याच्या मर्जीएवढा दिसतो.

आजोबांची कटकट पैशाची. संस्थानात निजामाचा हाली सिक्का, मनमाडला इंग्रजांचा कलदार. 7 हाली रुपयांना साधारण 6 कलदार. आजोबा कमरेच्या कशाला दोन कप्पे शिवून घेत. एकातला पैसा दुसऱ्यात गेला तर भर बाजारात बायकोच्या माहेरची लाज जायची, असं ते म्हणत. मनमाडचे व्यापारी तिच्या भावाच्या ओळखीचे.

पुढे राजकीय चळवळ वाढली, तसे ट्रंकेत कापडापेक्षा कागद शोधू लागले. 1938 साली वंदे मातरम् म्हटल्यावरून औरंगाबादच्या कॉलेजातल्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांवर कारवाई झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतलं. संस्थानाबाहेर पडल्यावरच शिक्षणाची वाट मोकळी झाली. 1948 च्या मे महिन्यात गाणगापूरच्या स्थानकात मेल गाडीवर हल्ला झाला, तेव्हापासून आजीचं माहेरपण बंद झालं ते थेट सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर सुरू झालं.

आजोबांचं एक वाक्य मला इतिहासाच्या पुस्तकात सापडलं नव्हतं : "झेंडा बदलला, कप्पे दोनच राहिले." ते खरंच होतं. 17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आलं, त्यानंतरही हाली रुपया काही वर्षं चालत होता. राज्यघटनेनेही जुन्या संस्थानांच्या राज्यांना अंतर्गत जकात काही काळ चालू ठेवायची मुभा दिली होती. एका फटक्यात बंद केली तर त्यांच्या तिजोरीत खड्डा पडला असता. नाके उठले ते हळूहळू, हिशेब जुळवत.

सरहद्द राहिली, तरी गाडीतली तपासणी सोपी करता येत नाही असं नाही. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस 2008 मध्ये सुरू झाली. गेदे आणि दर्शना या सरहद्दीवरच्या दोन स्थानकांत उतारू सामानासह खाली उतरायचे आणि तासन्‌तास जायचे. 2017 मध्ये तपासणी दोन्ही टोकांच्या स्थानकांवर नेली, तशी वाटेतली खोटी टळली. अमृतसर भागातल्या अटारीहून लाहोरला जाणारी समझौता एक्सप्रेस मात्र 2019 मध्ये थांबली. मैत्रीही 2024 मध्ये बंद पडली. सोय वाढली म्हणून गाडी टिकतेच असं नाही. ती दोन्ही सरकारांच्या संबंधांवर चालते.

आमच्या सरहद्दीचं तसं झालं नाही. ती कायमची गेली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तरी आजीला मुंबईला जायचं तर मनमाडला उतरावंच लागे. आमची मीटर गेज, मुंबईची ब्रॉड गेज. ट्रंक कुणी उघडत नव्हतं, पण हमालाच्या डोक्यावर ती चढतच होती. मनमाड-औरंगाबाद मार्ग रुंद झाला तो नव्वदच्या दशकात. करोडगिरीचा माणूस गेला, त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मराठवाड्यात रेल्वेचा विषय निघाला की माणसं एवढी चिडून का बोलतात, हे ज्यांना कळत नाही, त्यांनी ही मधली चाळीस वर्षं मोजावीत.