वयाचा दाखला

एखादी अमानुष घटना घडली की बालसंरक्षणाचा कायदा कठोर करा, अशी मागणी उठते. ती रास्तच असते. पण त्या कायद्याचा आधार मिळण्याआधी मुलाला एक गोष्ट सिद्ध करावी लागते : आपण मूल आहोत.

1860 च्या दंडसंहितेत संमतिवय 10 वर्षे होते. मलबारींचा आग्रह आणि टिळकांचा विरोध यांतून 1891 मध्ये ते 12 झाले. 1972 मध्ये ते 16 होते. त्या वर्षी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तिचे वय 14 ते 16 च्या दरम्यान सांगितले जाई. पण ती 16 च्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा सत्र न्यायालयाला आढळला नाही. साहजिकच सारा वाद तिच्या संमतीभोवती फिरला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली. 1979 मध्ये चार विधिअभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापण्यास बंदी आली तीही तेव्हाच. म्हणून या मुलीचे नाव खटल्याला कायमचे चिकटून राहिले.

त्या चौघांतल्या वसुधा धागमवार यांनी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुवा भागातील आदिवासींच्या कायदेविषयक अनुभवाचाही अभ्यास केला. सातपुड्यातला हा मुलूख कागदाविना जगत आला. कसलेल्या जमिनीचा कागद नाही, तसा घरात जन्मलेल्या लेकराचाही नाही. अशा मुलांच्या जन्मतारखा महाराष्ट्रभर शाळेतल्या गुरुजींनी अंदाजाने लिहिल्या. पुष्कळदा 1 जून. प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण दाखवायची, हाच हिशेब.

2012 च्या पॉक्सो कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला संरक्षण दिले. 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 94 मध्ये वयाच्या पुराव्यांत पहिले स्थान शाळेच्या नोंदीला आहे. ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला त्यानंतर, आणि हाडांची तपासणी सर्वांत शेवटी. म्हणजे गुरुजींनी सद्भावनेने वाढवून लिहिलेले एक वर्ष पुढे एखाद्या मुलीला वर्षभर आधीच सज्ञान ठरवू शकते.

शिक्षा वाढवणे विधिमंडळाच्या हाती आहे. पाड्यावरच्या जन्माची नोंद त्याच आठवड्यात होणे हे मात्र आशाताई आणि ग्रामसेवक यांच्या हाती आहे. कायदा खऱ्या अर्थाने बळकट होतो तो या दुसऱ्या ठिकाणी.