अर्ध्या मैदानाचा इतिहास

'कारकीर्द' हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि दीर्घकाळ तो राज्यकर्त्यांच्या मालकीचा होता. पेशव्यांची कारकीर्द, एखाद्या गव्हर्नराची कारकीर्द, फार झाले तर एखाद्या दिवाणाची. कारकीर्दीला आरंभ असतो, विस्तार असतो, उतार असतो. मुख्य म्हणजे तिच्यात सातत्य असते. ज्याने तीन वेगवेगळ्या वर्षी तीन लढाया मारल्या, त्याचे पराक्रम सांगितले जातात. त्याची कारकीर्द सांगितली जात नाही. हा शब्द पुढे नट, लेखक आणि खेळाडू यांच्यापर्यंत उतरला. तो स्त्री खेळाडूपर्यंत, आणि त्यातही क्रिकेटबाहेरच्या स्त्री खेळाडूपर्यंत, कितपत पोहोचला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

साहित्याच्या अध्यापकांनी बास्केटबॉलवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एम.ए.च्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून ती खेळत असे. सत्राच्या अखेरीस अपुऱ्या उपस्थितीची यादी लागली, तीत तिचे नाव होते आणि त्या यादीखाली आमच्या सह्या होत्या. नियम पाळला गेला होता. ज्या दिवशी ती विद्यापीठाची जर्सी घालून परगावी खेळत होती, त्या दिवसापुढे आमच्या हजेरीपटात 'गै.' असे लिहिले होते. पुढे तिने खेळ सोडला. त्या एका अक्षराचा इतिहास शोधावा असे आम्हांला तेव्हापासून वाटत आले आहे.

तो इतिहास १८९१ च्या डिसेंबरात सुरू होतो. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता यावा म्हणून हा खेळ बेतला. भिंतींना पीचच्या टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. काही आठवड्यांतच, १८९२ मध्ये, जवळच्या नॉर्थहॅम्प्टनमधील स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. म्हणजे स्त्रिया या खेळात मागाहून आलेल्या नाहीत. जवळजवळ पहिल्या दिवसापासून त्या तिथे आहेत. मात्र बेरेन्सनबाईंनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग पाडले आणि प्रत्येक खेळाडूला आपला भाग नेमून दिला. रेषा ओलांडायची नाही. चेंडू हिसकावायचा नाही, तो तीन सेकंदांपेक्षा जास्त हाती ठेवायचा नाही. १८९३ मध्ये झालेल्या पहिल्या जाहीर सामन्याला पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता.

आज हे वाचून हसू येईल. परंतु न्याय करायचा तर काळ ध्यानात घ्यावा लागतो. धावण्याने स्त्रीच्या मज्जातंतूंवर ताण येतो, असे तेव्हाचे डॉक्टर सांगत. त्या आक्षेपाला तोंड देऊन खेळ वाचवायचा, तर काही रेषा आखून देणे बेरेन्सनबाईंना भाग होते. आपल्याकडे स्त्रीशिक्षणाच्या आरंभकाळातही हेच घडले. मुलींना शिकवू द्या, पण गृहकृत्याला उपयोगी तेवढेच, असे म्हणत सुधारकांनी शाळेचे दार किलकिले केले. सवलत म्हणून आखलेली रेषा पुढे भिंत होते, हा अशा तडजोडींचा स्वभाव आहे. अमेरिकेत पुढे तीन भागांचे दोन झाले. सहा जणींच्या संघात तिघी आक्रमणाच्या आणि तिघी बचावाच्या, आणि कोणीही मध्यरेषा ओलांडायची नाही. बचाव करणारी मुलगी संपूर्ण सामन्यात एकदाही बास्केट करू शकत नसे. पूर्ण मैदानाचा पाच जणींचा खेळ तिथे अधिकृतपणे १९७१ मध्ये आला. आयोवा राज्यातील शाळांत तर अर्ध्या मैदानाचा खेळ १९९३ पर्यंत टिकून होता.

ऑलिंपिकचे दारही असेच उघडले. पुरुषांचा बास्केटबॉल तिथे १९३६ मध्ये बर्लिनला आला. त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती, हे विदर्भातील वाचकांना ठाऊक असेल. स्त्रियांच्या बास्केटबॉलला मात्र १९७६ च्या माँट्रियलपर्यंत थांबावे लागले. पुरती चाळीस वर्षे!

आता आपल्याकडे वळू. पुण्याची शिरीन लिमये हिचे नाव आमच्या किती विद्यार्थ्यांना माहीत आहे, हे वर्गात विचारून पाहिले. एकही हात वर आला नाही. खरे सांगायचे, तर त्या विद्यार्थिनीची गोष्ट घडली नसती, तर आमचाही आला नसता. जुलै २०१७ मध्ये बंगळूर येथे महिलांच्या आशिया चषकाच्या 'ब' विभागात भारताने अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५–७३ असे हरवले आणि 'अ' विभागात स्थान मिळवले. त्या संघात शिरीन होती. २०२१ मध्ये जॉर्डनमधील अम्मान येथे झालेल्या आशिया चषकात ती भारताची कर्णधार होती. सलामीलाच जपानशी गाठ पडली आणि गुणफलक १३६–४६ असा लागला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही नेतृत्व तिच्याकडेच होते. भारताने इंडोनेशिया आणि मंगोलिया यांना हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे उत्तर कोरियाकडून हार पत्करली.

हा झाला तपशील. पण ही कारकीर्द झाली का? २०१७, २०२१, २०२३ असे तीन टप्पे आम्ही सांगितले. दोन टप्प्यांमधल्या वर्षांत खेळाडू नाहीशी होत नाही. ती रोज पहाटे उठते, धावते, दुखापती सोसते. नाहीसे होतात ते सामने, ज्यांतून कारकीर्द विणली जाते.

तुलनेसाठी एक दूरचे उदाहरण घेतो. आइसलँड या बेटाची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या नागपूर शहराची सुमारे २४ लाख होती. त्या बेटावर १९८८ मध्ये जन्मलेली हेलेना स्वेरिसडॉट्टिर हाउकार या क्लबाकडून लहानपणापासून खेळली. मग अमेरिकेत टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाकडून. नंतर स्लोव्हाकिया, हंगेरी, पोलंड येथील व्यावसायिक संघांकडून. अखेर मायदेशी परतून २०२३ मध्ये निवृत्त झाली. आइसलँडने तिच्या काळात जग जिंकले नाही. तरीही तिच्या खेळण्याला आरंभ, विस्तार आणि उतार आहे, कारण बेटावर दरवर्षी लीग होते, हंगाम येतो आणि जातो. आपल्याकडे महिलांची अशी लीग वर्षानुवर्षे टिकून राहिली नाही. रेल्वेसारख्या संस्थांनी नोकऱ्या दिल्या, हे त्यांचे मोठे ऋण. पण नोकरी पोटाची सोय करते. हंगाम देत नाही.

म्हणूनच १३६–४६ हा आकडा आम्ही केवळ पराभव म्हणून वाचत नाही. दोन देशांतील मुलींना वर्षाकाठी मिळणाऱ्या सामन्यांमधले अंतर त्यात नोंदले गेले आहे. मैदानावरची मध्यरेषा पुसली गेली, तरी वर्षाच्या मधोमध ती अजून आखलेली आहे.

या चित्राला अपवाद आहेत आणि ते आपल्या शेजारीच आहेत. नागपूर ज्या जुन्या मध्यप्रांताची राजधानी होते, त्याच प्रांतातल्या दुर्ग जिल्ह्यात भिलाई आहे. तिथे राजेश पटेल या प्रशिक्षकाने २०१८ मध्ये निधन होईपर्यंत साध्या घरांतल्या मुलींना आणून, त्यांच्या राहण्या-खाण्याची काळजी वाहून खेळ शिकवला आणि छत्तीसगडच्या संघाला देशात मानाचे स्थान मिळवून दिले. चेन्नईच्या अनिता पॉलदुराई हिने २००१ पासून देशासाठी खेळत, मातृत्वानंतर पुन्हा मैदानात उतरून २०१७ चा तो विजय अनुभवला. २०२१ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. मात्र एका माणसाच्या हट्टावर आणि एका स्त्रीच्या चिवटपणावर उभी राहिलेली उदाहरणे व्यवस्थेचा दोष झाकत नाहीत, उलट तो अधिक ठळक करतात.

आणि यात आमच्या विषयाचाही वाटा आहे. रमाबाई रानडे यांच्या आठवणींपासून लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'पर्यंत स्त्रीचे आत्मकथन हे मराठीचे वैभव आहे. त्या परंपरेत स्त्रीचे शरीर राबताना, सोसताना, प्रसवताना दिसते. खेळताना क्वचितच दिसते. वृत्तपत्रे खेळाडू मुलीवर लिहितात ते पदक मिळाल्यावर, आणि लिहितात तेही 'प्रेरणादायी' या एकाच विशेषणात. प्रेरणा ही वाचकाची गरज झाली. खेळाडूची गरज वेगळी असते: तिच्या हरलेल्या सामन्यांचीही नोंद राहावी, मधल्या रिकाम्या वर्षांचा जाब कोणीतरी विचारावा. कारकीर्द आधी खेळली जाते हे खरे. पण ती लिहिली गेली नाही, तर पुढच्या मुलीला वाटते की आपल्या आधी या वाटेने कोणी गेलेच नाही.

धंतोली, शिवाजीनगर भागातल्या मैदानांवरून संध्याकाळी जाताना मुली खेळताना दिसतात. त्या आता पूर्ण मैदानभर धावतात. त्यांतली एखादी उद्या आमच्या वर्गात येईल. हजेरीपटात तिच्या नावापुढे त्या दिवशी काय लिहायचे, एवढा निर्णय तरी आमच्या हातात आहे.