डोके आपले, वस्तरा कोणाचा? (दीर्घ थ्रेड)

१/
कोल्हापुरातील शाहूपुरीत एखाद्या दुकानाच्या फळीवर आज चार साधने शेजारी शेजारी मांडलेली दिसतात : उघड्या पात्याचा वस्तरा, दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर, तीन-चार पात्यांचे कार्ट्रिज आणि विजेवर चालणारे यंत्र. टक्कल करू इच्छिणारा तरुण त्यांतील हवे ते उचलतो आणि घरी जातो. ही निवड अगदी किरकोळ वाटते. परंतु आपल्या डोक्यावर वस्तरा फिरावा की नाही, तो कोणी फिरवावा आणि केव्हा फिरवावा, हे स्वतः ठरवण्याचा अधिकार दीडशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात फार थोड्यांना होता. तो अधिकार कसा मिळाला, त्याची ही कथा.

२/
प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. तुळतुळीत डोके ही आजची नवलाई नव्हे. पेशवाईत आणि त्यानंतरही बराच काळ शेंडी व तिच्याभोवतीचा घेरा राखून उरलेले डोके तासणे ही प्रतिष्ठित पुरुषाची रीत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शाळा-कॉलेजांतील तरुणांनी डोईभर केस राखण्यास आरंभ केला, तेव्हा घरोघरी वाद पेटले. त्या काळी बंडखोर ठरला तो केस वाढवणारा; डोके तासणारा नव्हे.

३/
हे सारे काम न्हाव्याच्या हाती होते. बारा बलुतेदारांतील तो एक. त्याच्या चामडी धोकटीत वस्तरा, कात्री, चिमटा, नखे काढण्याची नराणी, धार लावण्याचा दगड आणि छोटा आरसा असे. मोबदला रोख क्वचितच. सुगीला प्रत्येक कुणब्याच्या खळ्यावरून धान्याचा ठरलेला वाटा मिळे. बाळाचे जावळ, लग्नातील मान आणि मृत्यूनंतरचे क्षौर अशा प्रत्येक प्रसंगी तो हवाच असे. घरे वंशपरंपरेने वाटलेली होती. त्यामुळे गिऱ्हाइकाला न्हावी निवडता येत नसे आणि न्हाव्याला गिऱ्हाईक नाकारता येत नसे.

४/
या बांधलेपणाचा सर्वांत क्रूर भाग विधवेच्या वाट्याला आला. ब्राह्मणांत आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत पती वारल्यावर स्त्रीचे केशवपन करीत. बालविवाहामुळे यांपैकी कित्येक जणी अजाण मुलीच असत. हा विधी एकदाच उरकत नसे, कारण केस पुन्हा वाढत. दख्खनच्या ब्राह्मण विधवांचे डोके दर पंधरवड्याला तासले जाते, असे पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात नोंदवले आहे.

५/
म्हणजे महिन्यातून दोनदा परक्या पुरुषासमोर मान खाली घालून बसावयाचे आणि आपण अशुभ आहोत याची खूण नव्याने करून घ्यावयाची. पुढे लाल आलवण, एकवेळचे जेवण आणि मंगलकार्यांतून हद्दपारी. या व्यवस्थेचा हुकूम शास्त्री देत, अंमल घरचे करीत. प्रत्यक्ष वस्तरा मात्र न्हाव्याच्या हातात असे. नेमक्या याच दुव्यावर सत्यशोधकांनी बोट ठेवले.

६/
पार्श्वभूमी आधीच तयार झाली होती. फसवणुकीला बळी पडून गरोदर राहिलेल्या विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना उघड जाब विचारला. १८८८ पासून गोपाळ गणेश आगरकर 'सुधारक'मधून केशवपनावर तुटून पडत होते. लेखणी आपले काम करीत होती. वस्तरा मात्र थांबलेला नव्हता.

७/
तो थांबवण्याची युक्ती सुचली गिरणी कामगारांच्या पुढाऱ्याला. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक आणि १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारणारे नेते. काम बंद पडले की मालकाला ऐकावे लागते, हे त्यांनी गिरणीच्या दारात अनुभवले होते. तोच विचार त्यांनी धोकटीला लावला. न्हाव्यानेच नकार दिला, तर शास्त्राचा हुकूम अमलात आणणार कोण?

८/
१८९० साली मुंबईत शेकडो न्हावी एकत्र आले. विधवांच्या डोक्यावर यापुढे वस्तरा चालवावयाचा नाही, असा निर्धार त्यांनी केला. जगाच्या इतिहासात संप पुष्कळ झाले. मजुरी वाढावी, तास कमी व्हावेत, यासाठी झाले. हा संप मात्र मजुरीसाठी नव्हता. मिळत असलेली मजुरी सोडून देणारा, आणि तीही दुसऱ्या जातीच्या स्त्रियांसाठी सोडणारा, असा तो संप होता. त्याच वर्षी लोखंड्यांच्या लढ्याने गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जोतीरावांनी देह ठेवला.

९/
या नकाराची किंमत ध्यानात घ्यावयास हवी. न्हाव्याची गिऱ्हाइके म्हणजे तीच सनातनी घरे. विधवेला 'नाही' म्हणणाऱ्याला त्या घरातील पुरुषांचे कामही गमवावे लागण्याचा धोका होता. गावगाड्यात ज्याची पायरी खालची मानली जाई, त्याने वरच्या पायरीवरील घराला नीती शिकवावी, ही गोष्टच त्या समाजाला अपूर्व होती.

१०/
एका संपाने प्रथा संपली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. १८९० मध्येच हरि नारायण आपट्यांचे 'करमणूक' सुरू झाले आणि त्यात 'पण लक्ष्यांत कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. त्या कादंबरीतील यमूचे सक्तीचे केशवपन वाचून घराघरांत अश्रू ढाळले गेले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार पडला. प्रथा विसाव्या शतकातही रेंगाळली. परंतु सेवा देणाऱ्या हाताला विवेक असू शकतो, हे १८९० ने दाखवून दिले.

११/
आता या कथेची दुसरी बाजू. विधवेवर वस्तरा लादला जात होता, त्याच काळात अस्पृश्यांना तो नाकारला जात होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत साताऱ्यातील आपले बालपण सांगितले आहे. गावात न्हावी पुष्कळ होते, घरच्यांना पैसे देणेही शक्य होते. तरीही भावंडांचे केस थोरली बहीण कापीत असे. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावण्यास एकही न्हावी तयार नव्हता.

१२/
हीच जातव्यवस्थेची गुंतागुंत. मुंबईत विधवेसाठी धोकटी खाली ठेवणारा समाज आणि साताऱ्यात महाराच्या मुलाला परत पाठवणारा समाज एकच. त्याला केवळ नायक किंवा केवळ खलनायक ठरवून भागत नाही. वरच्यांच्या सक्तीखाली तो दबलेला होता आणि खालच्यांवर तीच उतरंड लादतही होता. अस्पृश्याची हजामत केल्याचे कळले, तर सवर्ण घरे आपल्याला तोडतील, ही भीतीही त्याच्या पाठीशी उभी असे.

१३/
येथे कोल्हापूर पुढे येते. १८९४ साली गादीवर आलेल्या शाहू छत्रपतींनी पुढच्याच वर्षी शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली आणि ती गुळाच्या बाजारामुळे नावारूपाला आली. १८९१ मध्येच आगगाडी कोल्हापूरपर्यंत पोहोचली होती. पेठेचा अर्थ केवळ दुकाने असा नव्हे. गावगाड्यात सेवा जन्माने ठरते. पेठेत ती पैशाने ठरते. खळ्यावरील धान्याऐवजी हातावर रोख नाणे पडू लागले, की गिऱ्हाईक आणि कारागीर दोघेही एकमेकांना निवडू शकतात.

१४/
बाजारपेठ वाट मोकळी करते, पण भेदभाव आपोआप पुसत नाही. त्यासाठी कायदा लागतो. शाहू छत्रपतींनी १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. १९१८ मध्ये संस्थानातील बलुतेदारी बंद केली. १९१९ मध्ये सार्वजनिक जागी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात छत्रपती स्वतः चहा घेत, तो याच धोरणाचा दृश्य भाग होता. मार्च १९२० मध्ये संस्थानातील माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांचे नेतृत्व जाहीरपणे गौरविले.

१५/
त्या तरुणाला साताऱ्याचा अनुभव विसरला नव्हता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा सुरू असता 'दुकान' या शब्दात परीटघर आणि केशकर्तनालय येते काय, असा प्रश्न निघाला. हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, अशा आशयाचे उत्तर डॉ. आंबेडकरांनी दिले. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने 'दुकाना'च्या व्याख्येत केस कापण्याचे दुकान नावानिशी घातले. बहिणीकडून केस कापून घेणाऱ्या मुलाने अखेर देशातील प्रत्येक केशकर्तनालयाचे दार उघडले.

१६/
दरम्यान समुद्रापलीकडे वस्तऱ्याचेच रूप पालटत होते. पात्याला आड घालण्याची कल्पना अठराव्या शतकात फ्रान्समधील झां-झाक पेरे याने मांडली होती. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याने वापरून फेकण्याचे पातळ पाते बाजारात आणले. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लक्षावधी रेझर वाटले गेले आणि स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय जगभर पसरली.

१७/
बदल तांत्रिक वाटला, तरी त्याचा अर्थ सामाजिक होता. उघडा वस्तरा चालवण्यास वर्षांची उमेदवारी लागे; धार लावणे हीच स्वतंत्र विद्या होती. सेफ्टी रेझरने ते कौशल्य पात्यात आणि चौकटीत बसवले. कोणी हात लावील की नाही, या प्रश्नातून माणूस सुटला. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे रुग्ण आढळले, तेव्हा 'पाते नवे लावले ना?' हा प्रश्न रूढ झाला. गिऱ्हाइकागणिक अर्धे पाते बदलण्याचा वस्तरा गल्लोगल्ली आला.

१८/
म्हणून फळीवरील चारही साधने चार काळांच्या खुणा आहेत. उघडा वस्तरा जाणत्या हातातच शोभतो; स्वतःच्या डोक्याची मागील बाजू दिसत नसल्याने तेथे तो धोक्याचा. दुधारी पात्याचा रेझर स्वस्त आणि स्वच्छ काम करणारा, पण कवटीच्या वळणावर दाब न देता, बेताच्या कोनात धरावा लागतो. हलत्या मानेचे कार्ट्रिज नवख्याला सोपे. मात्र कुरळे केस त्वचेखाली वळून पुटकुळ्या येऊ शकतात. विजेचे यंत्र सर्वांत निर्धोक, पण तितके तुळतुळीत करीत नाही. कोणतेही घ्यावे; केस आधी आखूड करावेत, कोमट पाण्याने भिजवावेत आणि साधन दुसऱ्याला देऊ नये.

१९/
आज शाहूपुरीत डोके तासणारा तो पैलवान असो, नवस फेडणारा भाविक असो, विरळ केसांना कंटाळलेला नोकरदार असो किंवा केवळ आवड म्हणून टक्कल करणारी तरुणी असो. निर्णय त्यांचा स्वतःचा असतो. त्या तरुणीच्या पणजीच्या काळी हेच तुळतुळीत डोके शिक्षा होते. वस्तरा तोच आहे. बदलली ती त्याच्यामागची संमती. ती संमती मिळवून देणाऱ्यांत छत्रपती होते, संविधानकार होते आणि १८९० साली धोकटी बंद करून घरी निघालेले शेकडो न्हावीही होते. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पुतळ्याखाली कोरलेली नाहीत.

(समाप्त)